लेस पोहातूचं सेवापुस्तक

प्रमोदिनीबाई गजभिये यांनी यवतमाळ जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं लोकांच्या नोकऱ्या लिहिल्या. 'लिहिल्या' हा शब्द त्यांचाच. शिक्षक असो, ग्रामसेवक असो की परिचर, माणूस कामावर रुजू झाला की त्याचं सेवापुस्तक उघडायचं आणि मग बदली, रजा, बढती, सेवेतला खंड, जे घडेल ते तारखेनिशी त्यात चढवत जायचं. निवृत्तीची नोंद झाली की खाली रेघ मारायची आणि पुस्तक बंद. या चौतीस वर्षांत आपल्या हातची एकही नोंद चुकली नाही, असं त्या सांगायच्या. त्यात बढाई होती, पण खोटं काही नव्हतं. साहेब बदलायचे, बाईंची रेघ बदलायची नाही.

अशा बाईला आणून रोटोटुनात रिकामं बसवलं तर दुसरं काय होणार? नवरा गेल्यावर लेक सुरभी त्यांना सातासमुद्रापार हॅमिल्टनला, तिथल्या रोटोटुना या उपनगरात घेऊन आली. घर नवंकोरं, ऐसपैस, आणि सकाळी आठनंतर त्यात चिटपाखरू नाही. बाईंनी आधी मसाल्याच्या डब्यांवर तारखा घातल्या. मग फ्रीजमध्ये काय काय आहे याची यादी करून ती फ्रीजच्याच दारावर लावली. चौदा वर्षांची नात इशिता ती वाचून म्हणाली, "आजी, धिस इज अ बिट मच." बाईंनी यादी काढून टाकली आणि दोन दिवस तोंड फुगवून बसल्या.

सुरभी फार्मसिस्ट. तिच्या फार्मसीत रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ग्लेनिस नावाची सत्तरीची एक गोरी बाई यायची, ती तिथल्या स्पीडवे क्लबची सेक्रेटरी होती. क्लबच्या टीमला पंचेचाळीस वर्षं होत होती, जुन्या रायडर्सची माहिती देणारं पुस्तक काढायचं ठरलं होतं, आणि कागदांचा ढीग बघून ग्लेनिसचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नव्हता. सुरभीला एकदम सुचलं. माझी आई हेच करत आलीय जन्मभर, ती म्हणाली, तिच्याकडे दे, आमच्यावरही उपकार होतील. दुसऱ्याच दिवशी ग्लेनिस केळ्यांची चार खोकी भरून क्लबचा सगळा इतिहास घेऊन दारात हजर.

स्पीडवे म्हणजे काय हे ग्लेनिसने समजावून सांगितलं तेव्हा बाईंना वाटलं, आपलंच इंग्रजी कमी पडतंय. मोटरसायकली, पण ब्रेक नसलेल्या. गिअर एकच. चौघे जण मातीच्या लांबट गोल ट्रॅकवर सुटतात, डाव्या बुटाला पोलादी तळ बांधून तो पाय जमिनीवर घासत घासत डावीकडे वळत राहतात, चार चकरा मारल्या की शर्यत संपली. मिनिटभराचं काम. या एका शर्यतीला हीट म्हणायचं, आणि अशा पंधरा हीट एका दिवसात. यातल्या बहुतेकांना पगार नव्हता हे कळल्यावर तर बाईंनी चष्माच काढून ठेवला. बिनपगारी रजा त्यांनी खूप लिहिल्या होत्या, बिनपगारी नोकरी पहिल्यांदाच ऐकत होत्या.

टीमचं नाव कोतारे. कोतारे म्हणजे आपला खंड्या पक्षी. बाई टीमला खंड्याच म्हणू लागल्या, आणि आठवड्याभरात त्यांनी प्रत्येक खंड्याचं सेवापुस्तक उघडलं. मोठ्या वह्या आणल्या, रकाने आखले: रुजू दिनांक, नोंद, आधार, शेरा. आधाराच्या रकान्यात कुठल्या कागदावरून नोंद घेतली ते लिहायचं. कागद नाही तर नोंद नाही. सुरभी रात्री जेवायला बोलवायची तेव्हा बाई म्हणायच्या, थांब गं, एकाला इंग्लंडहून परत आणतेय.

तो इंग्लंडचा ग्रॅहम. दोन मोसम तिकडे रायडिंग करून पाठीत सळई घेऊन परत आला. जुन्या सेक्रेटरीने त्याच्या नावापुढे स्वच्छ लिहून ठेवलं होतं, 'ret. 1984, back injury', म्हणजे पाठीच्या दुखापतीमुळे निवृत्त. आता त्याची गुलाबांची नर्सरी आहे. डेस आणि केव्हिन हे सख्खे भाऊ. एका हीटमध्ये एकाने दुसऱ्याला पाडलं, त्यावरून अकरा महिने अबोला, आणि आता दोघं मिळून तीनशे गाई पिळतात. रॉजर नावाचा एक जण वळण चुकून थेट पॅटिस विकणाऱ्याच्या गाडीत घुसला होता. त्याच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं, 'वर्तणूक समाधानकारक, एक प्रसंग वगळता.' रॉजर आता शाळेची बस चालवतो. तिला ब्रेक आहेत ना, हे बाईंनी ग्लेनिसला विचारून घेतलं.

आणि लेस पोहातू. कोळशाच्या खाणीत मेकॅनिक, सुट्टीच्या दिवशी रायडर. मोठं नाव कधी झालं नाही, पण टीममध्ये कुणी पडलं, कुणाची गाडी बिघडली की लेस उभा. खोकी आली त्याच महिन्यात तो स्वतःचा एक फोटो द्यायला घरी आला होता. एकोणसत्तर वर्षांचा, आडव्या बांध्याचा, हसला की डोळे मिटणारा. दारातच त्याने "किया ओरा, फाएआ" म्हटलं. किया ओरा म्हणजे नमस्कार आणि फाएआ हा बाईमाणसाला मान देऊन म्हणायचा शब्द, दोन्ही तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे, हे सुरभीने नंतर सांगितलं, पण मान कळायला बाईंना अर्थ कळायची गरज पडली नाही. आडनाव पोहातू म्हणून त्यांनी पोहे केले. त्याने दोन बशा खाल्ल्या आणि सत्त्याऐंशी सालच्या एका शर्यतीची गोष्ट सांगायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं. गोष्टी नकोत, तारखा सांगा, म्हणाल्या. लेस ओशाळून हसला. तारखा खोक्यांत असतील, त्याने सांगितलं, माझ्याकडे नुसती मजा आहे.

खोक्यांत तारखा होत्या, पण सत्त्याऐंशीच्या मोसमावर उंदरांनी ताव मारला होता. पहिल्या दिवसाचं एकच प्रोग्रॅमपत्रक शिल्लक होतं. त्यावर तिसऱ्या हीटसमोर पेन्सिलीने लिहिलेलं, 'Pohatu – ret.' शब्द ओळखीचा होता. पुढच्या वर्षीच्या पत्रकात लेसचं नाव परत होतं. बाईंनी नियमाप्रमाणे नोंद घेतली: सन १९८७, निवृत्त. सन १९८८, पुन्हा रुजू. सेवेत एका मोसमाचा खंड. 'खंड' शब्दाखाली लाल रेघ, कारण खंडाखाली लाल रेघच मारतात.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. सेवापुस्तक कर्मचाऱ्याला दाखवून सही घ्यायची असते, तसं त्यांनी प्रत्येक रायडरला त्याचं पान इंग्रजीत उतरवून पोस्टाने पाठवलं. ग्रॅहमने चार चुका काढल्या, रॉजरने पॅटिसची गाडी आधीच चुकीच्या जागी उभी होती असा खुलासा जोडला. लेसचं पान पाचव्या दिवशी परत आलं. खाली थरथरती सही, दुरुस्ती काही नाही. सही झाली म्हणजे पडताळणी झाली. बाईंनी ते पान छपाईच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, बुद्धवंदना आटोपून बाई चहा घेत होत्या, तेव्हा ग्लेनिस गाडी घेऊन आली. इतक्या लोकांच्या नोकऱ्या लिहिल्यास आणि ऑफिस पाहिलं नाहीस, चल, म्हणाली. ट्रॅकवर क्लब डे होता. बाईंनी उन्हाची टोपी घातली आणि निघाल्या.

वाटेत त्यांनी लेस येणार का विचारलं. ग्लेनिसचा चेहरा उतरला. लेस आता येत नाही, तिने सांगितलं. ट्रॅकवर मुलांच्या गाड्या दुरुस्त करायला दर रविवारी यायचा तो महिनाभर आलेला नाही. त्याने आपण होऊन गाडीची किल्ली मुलीला, नायरीला, देऊन टाकली. नातवंडांना शाळेतून आणायचा, तेही सोडलं. त्याची आठवण दगा देतेय.

"नायरी म्हणते, त्याला एक अख्खं वर्ष आठवतंय, बारीकसारीक तपशिलासकट," ग्लेनिस म्हणाली, "आणि ते वर्ष तसं झालंच नव्हतं. गुरुवारी डॉक्टरकडे नेणार आहेत."

बाईंना फार वाईट वाटलं. पोह्यांच्या दोन बशा आठवल्या. ग्लेनिसला तरी त्या वर्षाबद्दल काही ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलंही, पण ती या गावात आली पंच्याण्णव साली, तिला आधीचं काय माहीत असणार. कुठलं वर्ष, हे मात्र विचारायचं बाईंना सुचलं नाही.

ट्रॅकवर पोचल्यावर बाईंनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग हळूहळू काढले. कागदावर जे 'डावीकडे वळणे' होतं ते समोर बघताना त्यांचा जीव वरखाली होत होता. गाड्या वळत नव्हत्याच, आडव्या होऊन घसरत होत्या, आणि ओल्या मातीचा मारा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपर्यंत येत होता. ग्लेनिसने हातात गरम चिप्सची पुडी दिली होती, त्यातली एकही त्यांनी खाल्ली नाही.

चौथ्या हीटमध्ये पिवळ्या हेल्मेटची एक पोरगी सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या चकरेत तिची गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली. तिने ती ढकलत आतल्या गवतावर नेली. लाउडस्पीकरवरून निवेदक म्हणाला, "नंबर फाइव्ह, रिटायर्ड."

बाईंना धक्का बसला. विशीची पोर, आणि एवढ्यावर निवृत्ती? कुणी समजूत घालणारं नाही का हिला घरी? त्या पुढच्या दोन हीट नुसत्या मान वळवून त्या पोरीकडे बघत राहिल्या. ती पाणी प्यायली, कुणाशी तरी हसली, आणि सातव्या हीटला पिवळं हेल्मेट घालून पुन्हा रेषेवर येऊन उभी राहिली.

"ही तर रिटायर झाली ना?" बाईंनी ग्लेनिसची बाहीच ओढली.

ग्लेनिस हसायला लागली. ते त्या हीटपुरतं, तिने समजावलं. गाडी बंद पडली, शर्यत पुरी करता आली नाही, की रिटायर्ड म्हणायचं. पुढच्या हीटला यायचंच असतं. लेसची गाडी तर पहिल्या दिवशी हमखास बंद पडायची असं जुने लोक अजून सांगतात.

"हे लिहितात कसं?" बाईंनी घाईने विचारलं.

"आर, ई, टी. का गं?"

प्रमोदिनीबाईंनी हातातली चिप्सची पुडी खाली ठेवली. लेसने निवृत्ती घेतली नव्हती. मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याची गाडी बंद पडली होती, एवढंच. उरलेलं वर्ष उंदरांनी खाल्लं, आणि बाईंनी त्याच्यावर लाल रेघ मारली. मग छापील अक्षरात ते पान त्याच्या घरी पाठवलं, आणि त्या सरळ माणसाने स्वतःपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. त्याचं काय बिघडलं होतं? त्याचं ते वर्ष बिघडलं होतं, आणि ते बाईंच्या टेबलावर.

गाडी आधी घरी घे, त्या ग्लेनिसला म्हणाल्या, मग लेसकडे.

घरून त्यांनी लेसचं सेवापुस्तक आणि ते पत्रक उचललं. लेसच्या गावाच्या, नारुआवाहियाच्या रस्त्याला लागल्यावर पत्रक मांडीवर पसरलं आणि मनातल्या मनात स्वतःची चांगली खरडपट्टी काढली. ग्रॅहमच्या निवृत्तीपुढे साल होतं, कारण होतं. इथे साल नाही, कारण नाही, फक्त हीटचा आकडा. शिकाऊ कारकुनालाही शंका आली असती. तुला कशी येणार, तुझी नोंद चुकत नाही ना!

बाईंनी सांगितलेलं सगळं ऐकून ग्लेनिसने गाडी बाजूला घेतली आणि फोन काढला. डेस आणि केव्हिन त्या वर्षी टीममध्ये होते, दोन मिनिटांत खात्री होईल, साक्षीदार मिळतील. यवतमाळला असत्या तर बाईंनी हेच केलं असतं, वर दोघांचे जबाब तीन प्रतींत घेतले असते. त्यांनी ग्लेनिसचा हात धरला.

"नको. ते दोघं सांगतील तेव्हा लेसला एवढंच कळेल की त्या दोघांची आठवण चांगली आहे."

लेस घराच्या पायऱ्यांवर बसला होता. उन्हात, रिकाम्या हातांनी. बाईंना बघून उठला, हसला, पण डोळे मिटले नाहीत. नायरीने सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. तिथे किटलीच्या वर, दाराच्या मागे, फळीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: गॅस बंद केला का. गोळी घेतली का. आज रविवार. अक्षर लेसचं होतं. बाईंनी त्या वाचल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. चहा नको म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

"लेस, तुमचं डोकं कसं आहे ते डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी एरवी अडखळायचं, आज अडखळायला वेळ नव्हता. "पण सत्त्याऐंशी सालापुरती चूक तुमच्या डोक्यात नव्हती. माझ्या पुस्तकात होती. मी एक शब्द चुकीचा वाचला."

मग त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं, तिसऱ्या हीटवर बोट ठेवलं, आणि त्या शब्दाचा आपण काय अर्थ लावला ते काहीही न लपवता सांगितलं. लेस पत्रकावर वाकला. नायरी भिंतीला टेकून उभी होती. तीच बोलली, बापाकडे न बघता. पान आलं त्या दिवशी तो म्हणाला होता की हे बरोबर नाही, मी होतो त्या वर्षी, फोन करू का? आणि तिनेच सांगितलं होतं, पपा, त्यांनी सगळे कागद तपासलेत, उगाच त्रास देऊ नका, सही करून टाका. हे सांगताना ती रडायला लागली. लेसने तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हणजे मी होतो," तो हळूच म्हणाला. "सत्त्याऐंशीला."

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे कागद नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते."

"आणि मी चुकीचं सांगितलं तर?"

"तर एक चूक तुमच्या नावावर लागेल. माझ्या नावावर एक लागलीच आहे."

बाई आता बसल्या, पुस्तक उघडलं, निवृत्ती आणि खंड दोन्हींवर काट मारून शेजारी आपली सही केली. पेन धरून वाट बघत राहिल्या. आज त्यांना कसलीही घाई नव्हती.

मग तो बोलायला लागला. आधी तुटक, प्रत्येक वाक्यानंतर बाईंकडे बघत, जणू त्या मध्येच कागद मागतील. त्या मोसमात पहिल्या दिवशी त्याची गाडी बंद पडली, या गाड्यांना पेट्रोलऐवजी जे मिथेनॉल लागतं त्यात पाणी शिरलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याने डेसची जुनी चेन लावली आणि त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही. डिसेंबरात दक्षिणेची टीम आली. शेवटच्या हीटआधी दोन्ही टीमचे गुण सारखे, कोतारेचा कॅप्टन हात मोडून बसलेला, आणि मॅनेजरने राखीव म्हणून लेसला उभं केलं. तिसऱ्या चकरेत डाव्या बुटाचा पोलादी तळ निघून उडाला. लेस आता उभा राहून दाखवत होता, गुडघा वाकवून, एक हात टेबलाच्या कडेवर हँडलसारखा धरून. पाय टेकवला तर बूट जळणार, नाही टेकवला तर वळता येणार नाही. त्याने टेकवला. बाईंनी श्वास घेतल्याशिवाय लिहिलं. एका चाकाच्या अंतराने, फक्त एका चाकाच्या अंतराने जिंकलो, लेस म्हणाला, आणि या वेळी हसताना त्याचे डोळे पार मिटले.

बाई आधाराच्या रकान्यापाशी आल्या. पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'लेस पोहातू यांचे सांगणे', आणि त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि तसाच पुढे सांगत सुटला.

"बूट पेटल्यासारखा धुरावलेला. तेवढ्यात एक जण बादली घेऊन ट्रॅकवर धावत आला आणि माझा पाय सरळ बादलीत घातला. दर रविवारी यायचा तो. लाल केसांचा. त्याचं नाव…"

तो थांबला. बोटांनी टेबलावर ठेका धरला, छताकडे बघितलं. ग्लेनिसने कपाकडे नजर वळवली. बाईंनी पेन कागदावरून उचललं नाही आणि काही सुचवलंही नाही.

"गेलं," लेस म्हणाला. "नाव गेलं डोक्यातून. पाणी मात्र बर्फासारखं गार होतं, फाएआ, ते लिहा." आणि खुर्ची पुढे ओढून तो जानेवारीतल्या शर्यती सांगायला लागला.